शेषेरावांचे तेरा ब्रेक

महत्त्वाच्या कामाला सगळ्यांत चांगला माणूस पाठवायचा, ही नांदेडकरांची जुनी खोड. सोयरीक जुळवायला चांगला बोलणारा, मयताला चांगला रडणारा, आणि शिवांगीच्या ब्रेकच्या चाचणीला शाळेतला सगळ्यांत चांगला ड्रायव्हर. शेषेराव, राहणार मुदखेड, एकतीस वर्षं स्टिअरिंगवर, गाडीला एक ओरखडा नाही. शाळेच्या सचिवांनी त्यांना स्वतः निवडलं आणि शाळेनं चाचणीला दिलेली बस निघताना खिडकीत वाकून सांगितलं, "म्याडमची नवी मशीन हाय, शेषेराव. फुलावानी न्या."

"हाव," शेषेराव म्हणाले.

त्या एका "हाव"मध्ये आपलं वाटोळं आहे, हे शिवांगीला तेव्हा कळलं नाही. ती खाली वाकून पुढच्या डाव्या चाकावरचा डबा बघत होती.

शिवांगी नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाही घेतला तर कुणीच नाही. तीन वर्षं तिनं एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता. गाडीच्या धुरावर सगळ्यांचा राग असतो. धुराला तपासणी आहे, सर्टिफिकेट आहे, काचेवर चिकटवायला स्टिकर आहे. ब्रेकच्या धुळीला कुणी विचारत नाही. ब्रेक दाबला की पॅड झिजतो, आणि झिजलेला पॅड हवेत जातो, इतका बारीक होऊन की नाकातल्या केसांनाही पत्ता लागत नाही. शाळा सुटताना गेटवर पंधरा बस एकदम येऊन थांबतात, आणि त्यांच्या चाकांच्या उंचीवर पहिलीतल्या पोरांची नाकं असतात. शिवांगीनं हे एकदा वाकून बघितलं होतं. तेव्हापासून तिचं लक्ष दुसऱ्या कशात लागत नव्हतं.

तिचा डबा ब्रेकला अर्धा वेढा घालून बसायचा. आत छोटा पंखा आणि भाकरीएवढा कागदी फिल्टर. पंखा धूळ ओढणार, फिल्टर ती धरून ठेवणार. आज त्याची परीक्षा होती. फिल्टर आणि ब्रेकचे पॅड सकाळी वजन करून सील केले होते. बस नांदेडहून लातूरच्या चाचणी केंद्रात साडेपाचच्या आत पोचवायची, तिथं पुन्हा वजन. फिल्टरवर किमान अर्धा ग्रॅम धूळ सापडली पाहिजे, म्हणजे चिमटीतल्या मिठाएवढी. त्याहून कमी भरली तर हिशेबच मांडता येत नाही आणि चाचणी रद्द. पुढचा नंबर अकरा महिन्यांनी. शिवांगीचे तास एप्रिलला संपत होते. एप्रिलनंतर वर्कशॉपचं दार तिला उघडणार नव्हतं आणि डबा कुणाच्या तरी माळ्यावर जाणार होता.

पण ती निवांत होती. तिनं गणित केलं होतं. एका ब्रेकला साधारण दीड मिलिग्रॅम धूळ. साडेतीनशे ब्रेक लागले की काम फत्ते. आणि नांदेड ते लातूर, गावागावांतून, साडेतीनशे ब्रेक तर डोळे मिटूनही लागतात.

बसमध्ये तीन माणसं आणि पंचवीस वाळूच्या गोण्या होत्या. गोण्या मुलांच्या वजनाच्या होत्या आणि नियमाप्रमाणे सीटवर बेल्ट लावून बसवल्या होत्या. तिसरं माणूस म्हणजे मालविका, केंद्राची निरीक्षक. लातूरची, चष्मेवाली, मांडीवर वही. तिच्या हातात एक छोटा काउंटर होता. ब्रेकचा दिवा लागला की त्यावरचा लाल आकडा एकानं वाढायचा. निघतानाच तिनं नियम क्रमांक सात वाचून दाखवला होता: "चालकाला वाहन कसे चालवावे याबाबत कोणतीही सूचना देऊ नये. दिल्यास चाचणी रद्द."

"मी कशाला देऊ?" शिवांगी हसून म्हणाली होती.

लोहा गाव आलं तेव्हा तिनं मागे वळून आकडा बघितला आणि हसू तिथंच थिजलं. आकडा होता तीन.

"काउंटर बंद पडलाय का?" तिनं हळूच विचारलं.

"चालू आहे," मालविका म्हणाली. "एक गेटवर, एक म्हशीसाठी, एक ॲम्ब्युलन्ससाठी. तिन्ही लिहिलेत."

शिवांगीनं मग पहिल्यांदा शेषेरावांच्या पायाकडे बघितलं. उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून उठायचा आणि हवेतच थांबायचा, जसा व्रत धरलेला माणूस ताटाकडे नुसतं बघतो. गाडी आपोआप मंदावायची. पुढचा गतिरोधक अर्धा किलोमीटर लांब असतानाच ते गिअर उतरवायचे. समोर ट्रक दिसला की तो कुठं वळणार हे त्या ट्रकवाल्याच्या आधी त्यांना कळायचं. बस लोण्यावरून सुरी जावी तशी लोह्याच्या बाजारातून निघून गेली.

"काका," तिनं आवाज शक्य तितका साधा ठेवला, "तुम्ही ब्रेक फारच कमी..." मागे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "...कमी दाबता, असं लोक म्हणतात."

शेषेरावांची छाती फुगली. "ब्रेक म्हंजे माफीनामा हाय बगा, म्याडम. आदी चूक करायची आन् मग पायानं माफी मागायची. मला माफी मागायची आदत न्हाई." त्यांच्या आधीच्या बसचे पॅड शाळेच्या दोन मुख्याध्यापकांपेक्षा जास्त टिकले होते, हे त्यांनी पुढच्या चार किलोमीटरांत सविस्तर सांगितलं. "आन् आज तर तुमची मशीन हाय चाकाला. कोरी करकरीत. तिला घाण लागू द्यायची न्हाई, सचिवसायबाला जबान दिलीया."

ज्या डब्यात घाण गोळा व्हावी म्हणून शिवांगी तीन वर्षं राबली, तो स्वच्छ ठेवायचा विडा या माणसानं उचलला होता. आणि हे त्याला सांगायची तिला बंदी होती.

ती उपायाला लागली. माळाकोळीच्या अलीकडे म्हणाली, "काका, चहा घ्यायचा का?" गाडी थांबवायला तरी ब्रेक लागेल. शेषेरावांनी दूरवरच्या हॉटेलकडे एक नजर टाकली, गाडी न्यूट्रल केली, आणि बस हळूहळू जीव सोडत बरोबर चहाच्या टपरीसमोर, हॉटेलवाल्याच्या पायापासून वीतभर अंतरावर विझली. हॉटेलवाला हललासुद्धा नाही. तो त्यांना ओळखत असावा.

"चार," मालविकानं वहीत लिहिलं. उभ्या गाडीला हँडब्रेक लावताना शेषेरावांचा पाय चुकून ब्रेकच्या पेडलला लागला होता. त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

पुढं तिनं रुमाल खिडकीतून पडू दिला. रुमाल गेला, शेषेराव म्हणाले, "जाऊ द्या, लातुरात लई मिळतेत." मग तिला मळमळलं. शेषेरावांनी गाडी न थांबवता एका हातानं लिंबू काढून दिलं. मग तिनं जाहीर केलं की तिला रस्त्याकडेचं झाड जवळून बघायचं आहे. कुठलं झाड, असं मालविकानं विचारलं, कारण तिला ते लिहायचं होतं. शिवांगीला ऐनवेळी एकाही झाडाचं नाव आठवेना. ती म्हणाली, "हिरवं."

अहमदपूर वीस किलोमीटर राहिलं तेव्हा आकडा नऊ होता, आणि तेव्हाच मालविकाचा फोन वाजला. केंद्राचे राघवेंद्र सर चौकशी करत होते. मालविका प्रामाणिक बाई, मोठ्यानं म्हणाली, "हो सर, सगळं नियमानुसार. ब्रेक? आतापर्यंत फक्त नऊ, सर. हो, नऊच. मीही पहिल्यांदाच बघतेय असं."

आरशात शेषेरावांचे डोळे चमकले.

"मोजून राहिलेत?" ते म्हणाले.

मालविकानं काउंटर वहीखाली सरकवला.

"मोजून राहिलेत," शेषेराव स्वतःशीच म्हणाले. त्यांनी टोपी सारखी केली, पाठ ताठ केली. एकतीस वर्षं हा माणूस स्वतःच्या समाधानासाठी ब्रेक वाचवत होता. आज पहिल्यांदा सरकारदरबारी कुणीतरी मोजत होतं. "नऊ झाले व्हय? बरं. आता बगा."

इथून पुढं सगळं बिघडलं.

आतापर्यंत ते सांभाळून चालवत होते, म्हणून ब्रेक लागत नव्हता. आता ब्रेक लावायचा नाही म्हणून ते चालवू लागले, आणि या दोन गोष्टींत किती फरक असतो ते गतिरोधकावर कळलं. बस तिसऱ्या गिअरमध्ये गतिरोधकावरून उडाली. पंचवीस गोण्या एका दमात उठून बसल्या. मालविकाचा चष्मा कपाळावर गेला. पुढं एक शेळ्यांचा कळप आडवा आला. शेषेरावांनी हॉर्नवर हात ठेवला तो कळप रस्त्याच्या पलीकडे पोचेपर्यंत उचलला नाही. शेवटची शेळी बसच्या नाकासमोरून गेली तेव्हा तिच्या आणि बंपरच्या मधून फार तर वर्तमानपत्र गेलं असतं, तेही घडी घालून.

शिवांगीच्या तोंडाशी दोनच शब्द होते, आणि नेमके तेच दोन शब्द बोलले की तीन वर्षं पाण्यात.

अहमदपूरच्या फाट्यावर उसाचा ट्रॅक्टर उभा होता, मागे दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर. तो वळायला लागला. रस्ता आडवा भरला. पहिली ट्रॉली गेली, दुसरी मध्येच रखडली. बस साठच्या वेगात होती. साठ मीटर. चाळीस.

शिवांगीनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

"ब्रेक मारा!" किंचाळली ती मालविका.

शेषेरावांनी गिअर खटकन खाली घेतला, स्टिअरिंग डावीकडे ओढलं, बस डांबर सोडून खडीवर उतरली, टपावर उसाचे वाढे सपसप घासले, एका दुकानाची लोंबती पाटी खिडकीला टक्कन लागली, आणि पुढच्या क्षणी बस पुन्हा रस्त्यावर होती. मागच्या सीटवरची एक गोणी बेल्टसकट घसरून मधल्या वाटेत आडवी झाली होती. एवढंच.

आकडा नऊच होता.

मालविकानं वही उघडली. शिवांगीनं मान वळवून वाचलं: "दुपारी दोन दहा. निरीक्षकाने आवाज काढला. शब्द स्पष्ट नव्हते."

"ताई," शिवांगी पुटपुटली, "शब्द चांगले स्पष्ट होते की."

"तुम्हाला चाचणी पाहिजे का नको?" मालविका दातांतून म्हणाली. चष्म्यामागे तिचे डोळे ओले होते. तेवढ्यात शिवांगीला कळलं, की या बाईलाही घरी जिवंत जायचं आहे.

चाकूर गेलं. शिवांगीच्या डोक्यात आता दोन गणितं चालू होती. एक जुनं: साडेतीनशेतून हे वजा केले तर किती उरतात. दुसरं नवं: आपण तिघं लातूरला पोचणार की नाही. लातूरच्या वेशीत शिरताना सव्वातीन वाजले होते आणि आकडा होता तेरा. चार ब्रेक शेषेरावांनी एका लग्नाच्या वरातीसाठी दिले होते, कारण नवरदेवाची घोडी बिचकली होती आणि, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, जनावराची चूक नसते.

तेरा. म्हणजे वीस मिलिग्रॅम. डब्यात चिमटीभर मीठ नव्हतं, मिठाची आठवण होती.

शिवांगीनं डोळे मिटले आणि नियम क्रमांक सात मनात पुन्हा वाचला. वाहन *कसे* चालवावे. कसे. कुठे, असं त्यात नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "केंद्रात जायच्या आधी मला गोलाईत जायचंय. बांगड्या घ्यायच्यात."

मालविकाचं पेन थांबलं. गंज गोलाई म्हणजे लातूरच्या पोटातली गोल बाजारपेठ. मध्ये देवीचं देऊळ, भोवती रिंगण, आणि रिंगणातून फुटणारे सोळा रस्ते. प्रत्येक रस्त्यातून हातगाडे, रिक्षा, मोटरसायकली, गायी आणि लग्नाच्या खरेदीला आलेली अख्खी खानदानं एकाच वेळी बाहेर पडत असतात. तिथं ब्रेक न दाबता गाडी चालवणं देवीलाही जमलं नसतं.

मालविकानं नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली. "मार्गाबद्दल काही लिहिलेलं नाही," ती शेवटी म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

बस गोलाईत शिरली. पहिल्याच झटक्याला एक रिक्षा आडवी आली. चौदा. केळ्यांचा गाडा. पंधरा. मोटरसायकलवर चौघं आणि एक फ्रीज. सोळा, सतरा. शेषेरावांनी सगळी विद्या पणाला लावली. गिअर, हॉर्न, मान बाहेर काढून शिव्या. पण गोलाईला विद्या कळत नाही. पाय खाली जायचा. लाल दिवा लागायचा. आकडा वाढायचा.

"कुटली गल्ली, म्याडम?"

"सोळा आहेत, काका. मला नेमकी आठवेना. अजून एक चक्कर घ्या."

एक चक्कर. दोन. पाच. साडेतीनचे चार झाले. आकडा शंभरावर गेला. दर ब्रेकला शेषेराव "च्च" करायचे. दीडशेनंतर "च्च" बंद झालं. दोनशेला त्यांनी टोपी काढून डॅशबोर्डवर ठेवली. त्यांचं टक्कल घामानं चमकत होतं आणि खालचा ओठ लहान पोरासारखा पुढं आला होता. एक रिक्षावाला ओरडला, "ओ काका, नवीन शिकून राहिले का?" एकतीस वर्षांत हा प्रश्न शेषेरावांना कुणी विचारला नव्हता.

शिवांगीला ते बघवेना. जिभेच्या टोकावर आलं होतं, काका, माफ करा, मला धूळच हवी होती. तिनं मागे बघितलं. मालविका तिच्याकडेच बघत होती आणि अगदी बारीक मान हलवत होती: नको.

सात चकरांनंतर मालविका एकदम उठली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि रखडलेल्या बसमधूनच एका बांगडीवाल्याकडून डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या. का, ते तिनं सांगितलं नाही. पाच वाजायला पाच मिनिटं असताना आकडा तीनशे एकसष्ट झाला. शिवांगी म्हणाली, "राहू द्या काका. चला केंद्रात." शेषेरावांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

पाच वीसला सील तोडलं. राघवेंद्र सर म्हणजे साठीकडे झुकलेला, कुठल्याही गोष्टीचं नवल न वाटणारा माणूस. त्यांनी चिमट्यानं फिल्टर उचलला. सकाळी दुधासारखा असलेला कागद आता चुलीमागच्या भिंतीच्या रंगाचा झाला होता. काट्यावरचे आकडे थरथरले, थांबले. शून्य पूर्णांक पाच तीन ग्रॅम. पॅडची झीज शून्य पूर्णांक सात एक.

"चारांतले तीन भाग धूळ धरली," सर म्हणाले. "उत्तीर्ण."

शिवांगीला बसायचं होतं, पण खुर्चीवर वाळूची गोणी ठेवलेली होती, वजनाच्या पडताळणीसाठी.

मालविका फॉर्म भरत होती. चालकाचे नाव: शेषेराव. एकूण ब्रेक: तीनशे एकसष्ट. चालकाची ब्रेक वापरण्याची सवय: कमी, मध्यम, अति. तिनं नियमाप्रमाणे "अति"वर खूण केली. "याची एक प्रत शाळेला जाईल," ती म्हणाली.

दारात उभ्या शेषेरावांनी ते ऐकलं. डोक्यावर टोपी नव्हती, तरी टोपी काढायला गेल्यासारखा हात वर गेला आणि खाली आला. मग ते बाहेर बसकडे निघाले.

शिवांगी जिंकली होती. गप्प राहायचं होतं, एवढंच काम उरलं होतं. नेमकं तेवढंच तिच्यानं झालं नाही.

"सर, ते चुकीचं आहे," ती म्हणाली. "लातूरपर्यंत त्यांनी तेरा ब्रेक दाबले. तेरा. बाकीचे मी दाबायला लावले. मीच त्यांना गोलाईत नेलं. मुद्दाम."

राघवेंद्र सरांनी चष्मा काढला.

"कशासाठी नेलं?"

"बांगड्या घ्यायच्या म्हणून."

"घ्यायच्या होत्या?"

"नव्हत्या."

"घेतल्या?"

"नाही."

"मग ही सूचना झाली," सर म्हणाले आणि फॉर्मवर तिरकी रेघ मारायला पेन टेकवलं. "खरेदी झाली असती तर तो प्रवास झाला असता. खरेदीशिवाय गोलाईला नुसत्या चकरा म्हणजे चाचणीत ढवळाढवळ."

शिवांगीला वाटलं होतं आपण रडू. पण रडू आलंच नाही. फक्त एप्रिल डोळ्यांसमोर आला, कोरडा.

खण्कन आवाज झाला. मालविकानं मनगट टेबलावर ठेवलं होतं. त्यावर डझनभर हिरव्या बांगड्या.

"खरेदी झाली आहे, सर," ती म्हणाली. "प्रवाशांपैकी एकीनं केली. वहीत नोंद आहे, चार बेचाळीस."

राघवेंद्र सरांनी बांगड्या मोजल्या. वही वाचली. मग बराच वेळ ते छताकडे बघत राहिले, आणि शिवांगी त्यांच्या पेनाच्या टोकाकडे.

"तेरा?" ते शेवटी म्हणाले. "नांदेडहून?"

"तेरा."

"मी चोवीस वर्षं इथं आहे. तेरा ब्रेक तर माणूस पार्किंगमध्ये दाबतो." त्यांनी "अति"वरची खूण खोडली, खाली स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या आणि शिक्का मारला. "जा. त्यांना वाचून दाखवा. आणि पुढच्या चाचण्यांना ही अट राहील, हे तुम्हीही लक्षात ठेवा."

शेषेराव बसच्या पायरीवर बसले होते. शिवांगी त्यांच्या शेजारी टेकली आणि आधी तिनं सगळं सांगितलं. डबा कशासाठी, धूळ कशाला हवी होती, ओढणी तोंडात का कोंबली. ते ऐकत राहिले.

"म्हंजे मी मशीन साफ ठिवत हुतो," ते म्हणाले, "आन् तुमाला घाण पायजे हुती."

"हो."

"आन् सचिवसायबानं मला धाडलं."

"हो."

"येडं हाय ते," शेषेराव शांतपणे म्हणाले. "कागद वाचा."

तिनं वाचलं: "यंत्र मान्य. पुढील चाचणी शाळेच्या दहा बसगाड्यांवर घ्यावी. मात्र चालक श्री. शेषेराव यांच्या चालवण्याने मोजण्याइतकी धूळ निर्माण होत नाही, सबब त्यांना कोणत्याही चाचणीच्या वाहनावर नेमू नये."

शेषेरावांनी तिला ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी "निर्माण होत नाही"पाशी त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि त्या शब्दांवर बोट ठेवून ते नीट बघितले, शिक्क्यासकट खरे आहेत ना म्हणून. मग ते उठले, पँट झटकली.

"झेरॉक्स कुटं मिळंल? तीन काढा. एक घराला, एक सचिवसायबाला." ते थांबले. "आन् एक त्या रिक्षावाल्याला द्यायची हाय. चला गोलाईत."

"काका, आता नको. मालविकाताईंना घरी सोडायचंय."

"तिचं घर कोनीकडं हाय?"

बसमध्ये येऊन बसलेली मालविका काचेआडून म्हणाली, "गोलाईच्या मागे."

शेषेरावांनी टोपी घातली आणि गाडी सुरू केली.